पार्ट बसवले आणि गाडी बिघडली? मॉडिफाय केलेल्या इंजिनचा फॉल्ट कसा शोधायचा

नवीन इंटेक (हवा आत घेणारा पाईप-फिल्टर), हेडर (इंजिनला लागून असलेले एक्झॉस्टचे पाईप), मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा), काहीही बसवलं आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालायला लागली की बहुतेक जण लगेच ट्यूनरला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग करणाऱ्याला, फोन लावतात, नाहीतर पार्टच डुप्लिकेट निघाला म्हणून मोकळे होतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात तिथून करायचीच नाही. काम करायच्या आधी गाडी नीट चालत होती आणि आता चालत नाही, म्हणजे मधल्या वेळात तुमचा हात जिथे जिथे लागला तिथेच फॉल्ट असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, मग तो लावायचा राहिलेला व्हॅक्युम पाईप असेल, अर्धवट बसलेलं कनेक्टर असेल किंवा परत न जोडलेली अर्थिंगची वायर. खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका, कारण हवा लीक असताना घेतलेलं कुठलंही रीडिंग तुम्हाला चुकीच्या दिशेला नेणार, आणि मग लोक चांगले सेन्सर बदलत बसतात.

आधी बघा की इंजिन चालू ठेवणं सेफ आहे का

चेक इंजिन लाईट नुसता पेटलेला असेल तर तपासायला वेळ आहे, पण तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग करतंय, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लाल होईपर्यंत तापवू शकतं, तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंदच करा. ऑईल प्रेशरचा लाईट स्टार्ट झाल्यावर काही सेकंदात विझला नाही तर लगेच बंद. लोडवर खडखड किंवा टिकटिक असा धातूचा आवाज आला तर ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कारण सापडेपर्यंत परत दाबायचा नाही. पेट्रोलचा वास आला तर आधी तो शोधा, बाकी सगळं नंतर.

फ्युएल लाईन, रेल किंवा इंजेक्टरला हात लावला असेल तर स्टार्ट करण्याआधी चावी नुसती ऑन करा, पंप दोन-तीन सेकंद फिरून लाईनमध्ये प्रेशर भरतो, असं दोन-तीनदा करून प्रत्येक जॉईंटला टिश्यू पेपर लावून बघा ओला होतो का. जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, ही औपचारिकता म्हणून सांगत नाहीये, गरम हेडरवर पेट्रोलचा बारीक फवारा उडाला तर पळायलाही वेळ मिळत नाही.

यादी करा, आणि कोड पुसू नका

कागद घ्या आणि काय काय खोललं ते लिहा. नुसतं "इंटेक बसवला" असं नको, तर एअर बॉक्स काढला, एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) काढून नवीन पाईपमध्ये बसवला, ब्रीदर होज (इंजिनातली वाफ बाहेर नेणारा पाईप) काढला, बॅटरी काढून बाजूला ठेवली, ब्रॅकेटसोबत एक अर्थिंगचा बोल्ट निघाला, असं बारीक बारीक. हीच तुमची तपासणीची यादी.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीतले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र, लावा. सगळे कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला तेव्हाचे आरपीएम, लोड, टेंपरेचर वगैरे, लिहून किंवा फोटो काढून ठेवा. बरेच जण उत्साहात कोड आधी पुसून टाकतात आणि ही माहिती कायमची जाते. बॅटरी काढली तरी तेच होतं, वर ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) शिकलेलं आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालणं) आणि फ्युएलचं ॲडॅप्टेशनही जातं, त्यामुळे बॅटरी परत लावल्यावर पहिले काही किलोमीटर आयडल वर-खाली होणं नॉर्मल असू शकतं आणि काही गाड्यांना थ्रॉटल रीलर्न करावं लागतं.

डोळे आणि हात वापरा

इंजिन थंड असताना यादीतल्या प्रत्येक जागेवर हात फिरवा. कनेक्टर ओढून बघा, क्लिक झालेलं कनेक्टर हलत नाही. क्लॅम्प पाईपच्या कडेच्या उंचवट्याच्या मागे बसलाय का, कपलरवर (पाईप जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर) तेल लागलेलं नाही ना, लागलं असेल तर बूस्टला (टर्बोने भरलेल्या हवेच्या प्रेशरला) तो सटकणारच. हेडर बसवला असेल तर ओटू सेन्सरची (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायर किंवा स्टार्टरची केबल त्याला टेकत नाही ना हे टॉर्च लावून बघा, टेकली असेल तर पहिल्या हीट सायकलमध्येच (एकदा तापून थंड होण्यातच) वितळते आणि मग फ्यूज का उडतोय हे शोधण्यात दिवस जातो. एमएएफ सेन्सरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो उलटा बसलेला मी अनेकदा पाहिलाय.

मल्टिमीटर असेल तर बॅटरी बघा, गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. अर्थिंग तपासायला एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारायला सांगा, ०.२ व्होल्टच्या आत असेल तर बहुतेक ठीक, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब आहे. खराब अर्थिंगमुळे सेन्सरची रीडिंग नाचतात आणि पाच वेगवेगळे कोड एकाच वेळी येतात, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले कोड दिसले की मी आधी अर्थिंगच बघतो.

स्टार्टच होत नसेल तर

हवा, पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन, यातलं एक तरी कमी आहे. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतात का बघा, शून्यच राहिले तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते बघणारा) किंवा त्याची वायर, कोड बहुतेक पी०३३५ असतो. आरपीएम दिसतायत पण पंपाचा आवाज नाही तर रिले, फ्यूज, पंपाचं कनेक्टर. पंपाचा आवाज आहे, वास येतोय आणि प्लग ओले निघतायत तर स्पार्क नाही किंवा पेट्रोल खूपच जास्त पडतंय, मोठे इंजेक्टर बसवून ईसीयूला न सांगता सेल्फ मारला की हमखास असंच होतं.

टायमिंग बेल्ट किंवा कॅमला हात लावला असेल आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. बेल्ट काही दाते इकडचा तिकडे झाला असेल तर बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात. कव्हर उघडून क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन वेळा फिरवा आणि टायमिंगचे मार्क परत जुळतात का बघा, दोन वेळा अशासाठी की कॅमचा एक फेरा पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. फिरवताना कुठे अडकलं तर जोर लावू नका. पी००१६ कोड म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये.

टर्बो नवीन असेल तर पहिल्या स्टार्टआधी पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून नुसता सेल्फ मारून ऑईल टर्बोपर्यंत पोचू द्या. कोरड्या बेअरिंगवर फिरलेला टर्बो नंतर कितीही जपलात तरी धूर काढतो.

हवेची गळती, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मॉडिफाय केलेल्या गाड्यांमधले निम्म्याहून जास्त त्रास हवेच्या रस्त्यात असतात असं माझं निरीक्षण आहे. पण गळती कुठे आहे त्यावर लक्षणं पूर्ण बदलतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो.

एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू सेन्सरमधून गेलेली हवा मोजून तेवढंच पेट्रोल टाकतो. सेन्सरच्या नंतर, मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपात) किंवा एखाद्या व्हॅक्युम पाईपला गळती असेल तर न मोजलेली हवा आत येते आणि मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, आयडल थरथरतं, पी०१७१ येतो. आता टर्बो आणि थ्रॉटलच्या मधला पाईप गळत असेल तर बूस्टमध्ये बरोबर उलटं, मोजलेली हवा बाहेर पळते पण पेट्रोल मात्र पूर्ण पडतं, त्यामुळे काळा धूर, बूस्ट कमी आणि पी०२९९. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह अशा गाडीत बसवला की गिअर बदलताना गाडी क्षणभर रिच (पेट्रोल जास्त) होऊन झटका खाते ते याच कारणाने, ती हवा परत इंटेकमध्ये वळवणारा व्हॉल्व्ह बसवला की झटका जातो.

एमएएफ नसलेल्या, फक्त एमएपी सेन्सरवर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणाऱ्या) चालणाऱ्या गाडीत मात्र व्हॅक्युम गळती लीन दाखवेलच असं नाही, कारण मॅनिफोल्डमधलं वाढलेलं प्रेशर सेन्सरला दिसतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो, मग आयडल चढून बसतं. म्हणून आपली गाडी कुठल्या पद्धतीची आहे हे आधी माहीत करून घ्या.

शोधायचं कसं, तर उत्तम म्हणजे स्मोक मशीन, अगदी कमी प्रेशरने धूर इंटेकमध्ये सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. ते नसेल तर आयडलवर संशयित जॉईंटवर स्प्रे बाटलीने पाणी मारा, आवाज किंवा आरपीएम बदलले तर तिथे गळती. कार्ब क्लीनर मारून शोधायची पद्धत बरेच जण सांगतात, पण हेडर तापलेला असताना तो मारू नका, तो फवारा पेट घेतो. टर्बो गाडीत टर्बोच्या तोंडावर कॅप लावून, ब्रीदरचा पाईप बंद करून, रेग्युलेटरने हळूहळू हवा भरा, आधी अर्धा बार, मग तुम्ही जेवढा बूस्ट चालवता तेवढा, आणि साबणाचं पाणी मारत फुगे शोधा. भरताना कपलरच्या समोर तोंड नेऊ नका, सटकला तर गोळीसारखा येतो. थोडी हवा व्हॉल्व्हमधून इंजिनात जाणारच, पण प्रेशर भरतच नसेल तर गळती मोठी आहे.

एक्झॉस्टची गळतीही विसरू नका. हेडरचं गॅस्केट नीट बसलं नसेल तर पल्सच्या मधल्या वेळात बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ओटू सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं लीन आहे आणि तो पेट्रोल वाढवत सुटतो, खरं इंजिन रिच चाललेलं असतं. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर पहिल्या मिनिटात हेडरजवळून येणारा टिक-टिक आवाज गरम झाल्यावर बंद होत असेल तर बहुतेक हेच.

फ्युएल ट्रिम वाचायला शिका

गळती नाही हे नक्की झालं की इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली तात्पुरती आणि शिकून ठेवलेली दुरुस्ती, बघा. प्लस म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, मायनस म्हणजे कमी करतोय. दोन्हींची बेरीज प्लस-मायनस १० टक्क्यांच्या आत असेल तर चालेल, २०-२५ च्या पुढे गेली की साधारणपणे कोड येतो. पण एकच आकडा बघून काही कळत नाही, तो आयडलला, २५०० आरपीएमला आणि हलक्या लोडवर कसा बदलतो ते बघायचं.

आयडलला प्लस २० आणि २५०० ला प्लस ४ असं दिसलं तर व्हॅक्युम गळती अजून राहिलीय, कारण थ्रॉटल उघडल्यावर तेवढीशी गळती एकूण हवेच्या मानाने किरकोळ होते. आयडलला ठीक पण लोड वाढेल तसा प्लस वाढतोय तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटर, नाहीतर एमएएफ कमी हवा मोजतोय. सगळीकडे सारखाच प्लस किंवा मायनस असेल तर मोजमापच चुकलंय, म्हणजे नवीन इंटेकचा पाईप सेन्सरच्या जागी ओरिजिनलपेक्षा वेगळ्या व्यासाचा आहे किंवा इंजेक्टरची साईज ईसीयूमध्ये चुकीची आहे. ऑईल लावलेला कॉटन फिल्टर जास्त ऑईल लावून बसवला तर ते एमएएफच्या तारेवर बसतं, ती फक्त एमएएफसाठीच्या क्लीनरने धुवा, कापूस किंवा ब्रश अजिबात नको.

मोठ्या इंजेक्टरबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नुसता फ्लो रेट टाकून भागत नाही, प्रत्येक इंजेक्टरला उघडायला काही क्षण लागतो, तो डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो आणि ते टेबल ईसीयूत बरोबर पाहिजे. ओळखायची खूण अशी की जोरात पळवताना सगळं मस्त पण आयडल बिघडलेलं, आणि हेडलाईट, फॅन, एसी लावून व्होल्टेज जरा उतरलं की मिक्स्चर लगेच सरकतं.

मिसिंग

पी०३०० म्हणजे कुठलाही सिलेंडर, पी०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलेंडरचा नंबर. एकच सिलेंडर असेल तर सोपं आहे, त्याची कॉइल शेजारच्या सिलेंडरला लावा, कोड सोबत सरकला तर कॉइल गेली, नाही सरकला तर तसंच प्लगचं करा, मग इंजेक्टरचं. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

सगळं नॉर्मल आणि फक्त फुल बूस्टला फडफड होत असेल तर प्लगचा गॅप बघा. सिलेंडरमधलं प्रेशर वाढलं की स्पार्कला तो गॅप ओलांडणं जड जातं, म्हणून ओरिजिनल गॅप जास्त असेल तर टर्बो गाडीत तो साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत कमी करतात आणि बूस्ट बराच वाढवला असेल तर एक स्टेप कोल्ड (लवकर थंड होणारा) प्लग टाकतात. मिसिंग असताना वाइडबँडचं (मिक्स्चर नेमकं मोजणाऱ्या ओटू सेन्सरचं) रीडिंग लीन दिसतं हेही लक्षात ठेवा, कारण न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. ते बघून पेट्रोल वाढवलंत तर मिसिंग आणखी वाढेल.

कॉइल, प्लग, इंजेक्टर ठीक निघाले तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, सगळे प्लग काढलेले. मोठा कॅम बसवलेल्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो म्हणून आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी येऊ शकतो, त्यामुळे सिलेंडरांची एकमेकांशी तुलना करा, १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल टाकून परत टेस्ट करा, आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

धूर आणि बूस्ट

काळा धूर म्हणजे रिच, निळा म्हणजे ऑईल, आणि गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर कूलंट जळतंय. नवीन टर्बो आणि निळा धूर हे दिसलं की लोक टर्बोचं सील गेलं म्हणतात, पण आधी ऑईलची रिटर्न लाईन बघा, ती सतत उताराची, बिनमुडपाची आणि संपमध्ये (इंजिनच्या ऑईल पॅनमध्ये) ऑईलच्या लेव्हलच्या वर लागलेली पाहिजे, नाहीतर ऑईल टर्बोमध्ये साचून सीलमधून बाहेर येतं. ब्रीदर तुंबला असेल तरी तेच.

बूस्ट ठरवल्यापेक्षा वर जात असेल, पी०२३४ आला असेल, तर वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेचा) पाईप निघालाय का बघा. सगळं जागेवर असूनही वरच्या आरपीएमला बूस्ट हळूहळू चढतच राहिला तर फ्री-फ्लो एक्झॉस्टमुळे वेस्टगेट अपुरा पडतोय, आणि हे कंट्रोलरची सेटिंग बदलून सुटत नाही.

शेवटी लोड आणि लॉग

इथपर्यंत सगळं क्लीन असेल तरच फुल थ्रॉटल, आणि तेही डायनोवर (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, रस्त्यावर नको, कारण आकड्यांकडे बघताना समोरचा माणूस दिसत नाही. बूस्ट सगळ्यात कमी, म्हणजे नुसत्या वेस्टगेटच्या स्प्रिंगवर ठेवा. लॉगमध्ये आरपीएम, बूस्ट, लॅम्डा (मिक्स्चर बरोबर प्रमाणाच्या किती पट आहे), इग्निशन टायमिंग, नॉक रिटार्ड (पेट्रोल चुकीच्या वेळी भडकल्याने ईसीयूने मागे घेतलेलं टायमिंग), इंटेक हवेचं टेंपरेचर, फ्युएल प्रेशर आणि इंजेक्टर ड्युटी (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा आहे) घ्या.

एएफआरऐवजी (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाऐवजी) लॅम्डा बघायची सवय लावा. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे बरोबर प्रमाण, पण १० टक्के इथेनॉल मिसळलं की ते १४.१ च्या आसपास येतं आणि मीटर तरीही १४.७ धरून दाखवत राहतो, लॅम्डा १ म्हणजे मात्र कुठल्याही इंधनाला बरोबर. फुल लोडला बिना टर्बोच्या इंजिनाला ०.८५ ते ०.८८ आणि टर्बोला ०.७८ ते ०.८२ असं साधारण ठेवतात. गाडीचा मूळ नॅरोबँड सेन्सर यासाठी उपयोगाचा नाही, तो १ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगतो.

आरपीएम वाढताना लॅम्डा लीनकडे सरकतोय आणि फ्युएल प्रेशरही पडतंय तर पंप पुरत नाहीये. मॅनिफोल्डशी जोडलेला रेग्युलेटर असेल तर बूस्ट जेवढा वाढेल तेवढंच प्रेशर वाढायला पाहिजे, म्हणजे बेस ३ बार असेल तर १ बार बूस्टला ४ बार. प्रेशर ठीक पण ड्युटी ८५-९० टक्क्यांच्या पुढे, तर इंजेक्टर छोटे पडले. लॅम्डा बरोबर आणि तरीही नॉक रिटार्ड दिसतोय तर हवेचं टेंपरेचर, पेट्रोलचा ऑक्टेन आणि टायमिंग बघा, आणि एखादी ढिली हीट शील्ड ब्लॉकजवळ वाजत असेल तर नॉक सेन्सर त्यालाही फसतो.

ट्यूनरशी बोलायची वेळ आता आली. त्याला नुसतं "पिकअप नाही" असं सांगू नका, लॉगची फाईल, आधी काढून ठेवलेल्या कोडचे फोटो, इंजेक्टर आणि एमएपी सेन्सरचा पार्ट नंबर, प्लगचा गॅप, कुठलं पेट्रोल भरता आणि बूस्ट लीक टेस्ट किती प्रेशरला धरली एवढं द्या. नवीन मॅप (ईसीयूची नवीन सेटिंग) आल्यावर कोड पुसा, पहिल्या काही हीट सायकलनंतर थंड इंजिनावर हेडरचे नट आणि सगळे क्लॅम्प परत टाईट करा, ऑईल आणि कूलंटची लेव्हल बघा, आणि लाँग टर्म ट्रिम आठवडाभराच्या साध्या ड्रायव्हिंगमध्ये प्लस-मायनस ५ च्या आसपास स्थिरावला की मगच बूस्ट एक पायरी वाढवा.